रोज एसटीने न्यायचा लॅपटॉप, पंचवीस हजार रुपये आणि लिनक्स

प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचं दुसरं वर्ष, गावाहून कॉलेजला रोज एसटीने ये-जा, पाठीवर सॅक. बजेट पंचवीस हजार, ताणलं तर दोन हजार वर. काम म्हणजे सी, पायथन, थोडा डेटाबेस, पुढेमागे डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंदिस्त डब्यांत चालवायचं साधन). विंडोजऐवजी लिनक्सच वापरायचं हे पक्कं ठरलंय. दुकानदार हप्त्यावर नवाकोरा १५ इंची दाखवतोय. तो घ्यावा की जुना, आणि जुना घेतला तर कुठला?

आधी उत्तर देतो. या बजेटमध्ये नवा घेऊ नका. ऑफिसांमधून बाहेर पडलेला, इंटेलच्या आठव्या पिढीचा बिझनेस लॅपटॉप घ्या: १६ जीबी रॅम असलेला, निदान १६ करता येईल असा. वजन दीड किलोच्या आत आणि स्क्रीन फुल एचडी. डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा तयार अवतार) कुठलं, हा प्रश्न शेवटी येतो आणि तो सगळ्यात सोपा आहे.

आता कारणं. पंचवीस हजारांच्या आसपासच्या नव्या लॅपटॉपमध्ये कंपनी पैसे कुठे वाचवते ते बघा. प्रोसेसर सेलेरॉन असतो, किंवा रायझन ३ ७३२०यू सारखा. या दुसऱ्या नावात गंमत आहे. पहिला ७ म्हणजे २०२३ चं मॉडेल, पण आतल्या कोअरची (प्रोसेसरमधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाची) पिढी सांगतो तो तिसरा अंक, आणि तिथे २ आहे, म्हणजे झेन २. ती पिढी २०१९ ची. चिप वाईट नाही, पण 'नवीन' म्हणून जे पैसे मागतात ते या कोअरचे नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या चिपबरोबरची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. आठ जीबी मिळाली तर जन्मभर आठ. सगळ्यात खालच्या मॉडेलांत एसएसडी डिस्कच्या जागी ६४ किंवा १२८ जीबीचं ईएमएमसी (स्वस्त साठवणुकीची चिप) असतं. तेही बोर्डाला चिकटलेलं आणि एसएसडीपेक्षा बरंच संथ. बॉडी प्लॅस्टिकची, बिजागरं नाजूक. रोज सॅकमध्ये कोंबून, एसटीच्या गर्दीत दाबून न्यायचा लॅपटॉप असा असेल, तर दोन वर्षांत बिजागराशी वरचं झाकण तडकतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या स्वस्त लॅपटॉपांमध्ये ही तक्रार नेहमीची.

आणि मग वायफाय. लिनक्सवाल्याचं खरं दुखणं इथे असतं. स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं वायफाय कार्ड क्वचित मिळतं. रिअलटेक किंवा मीडियाटेक असतं. रिअलटेकच्या आरटीएल८८५२बीई या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आला तो ६.२ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीला. त्याआधी ज्यांनी घेतलं ते गिटहबवरून ड्रायव्हर उतरवायचे, कंपाइल करायचे आणि कर्नल अपडेट झाला की पुन्हा तेच करायचे. मीडियाटेकच्या एमटी७९२१ चा ड्रायव्हर कर्नलमध्ये ५.१२ पासून आहे, पण त्याच घरातल्या एमटी७९०२ ला वर्षानुवर्षं लिनक्सचा ड्रायव्हरच नव्हता. नावात शेवटच्या दोन आकड्यांचाच फरक, आणि लॅपटॉपला मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडून त्याचं नेट वापरावं लागतं. खोक्यावर मात्र दोघांवरही नुसतं 'वायफाय' लिहिलेलं असतं. 'डॉससह' किंवा 'विंडोजशिवाय' मिळणारी मॉडेलं दिसतील, त्यांनाही भुलू नका. विंडोजचे पैसे वाचतात एवढंच. त्यावर लिनक्स चालतं की नाही हे कोणी तपासलेलं असेलच असं नाही.

बिझनेस लॅपटॉपची गोष्ट वेगळी. मोठ्या कंपन्या थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हजारांच्या संख्येने भाडेकराराने घेतात आणि तीन-चार वर्षांनी परत करतात. तोच माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि तिथून तालुक्याच्या दुकानांपर्यंत पोचतो. या मॉडेलांवर जगभरचे प्रोग्रॅमर लिनक्स चालवत आलेत, त्यामुळे ज्या खोडी होत्या त्या निस्तरून झाल्यात. लिनक्सच्या बाबतीत पाच-सात वर्षं जुनं हार्डवेअर ही सोय आहे. आत वायफाय बहुतेक वेळा इंटेलचं: ८२६५, ९२६० किंवा एएक्स२००. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, इन्स्टॉल करतानाच नेटवर्क दिसू लागतं.

आठवीच पिढी का? सातव्या पिढीपर्यंत पातळ लॅपटॉपमधल्या आय५ मध्ये दोनच कोअर असायचे. आय५-७३००यू मध्ये दोन कोअर, चार थ्रेड. आय७-७६००यू मध्येसुद्धा दोनच. आठव्या पिढीत, म्हणजे आय५-८२५०यू आणि ८३५०यू पासून, चार कोअर आणि आठ थ्रेड झाले, तेही त्याच १५ वॅटमध्ये. म्हणून दुकानदार 'आय७ आहे साहेब' म्हणाला तर पुढचा आकडा विचारा. सातव्या पिढीच्या आय७ पेक्षा आठव्या पिढीचा आय५ तुमच्या कामाला सरस. दुसरं असं की विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप पडेल भावात मिळतात. बजेट बारा-तेरा हजारच असतं तर मी थिंकपॅड एक्स२७० घ्या म्हणालो असतो. लिनक्सला त्या विंडोजच्या अटीचं काही सोयरसुतक नाही. पण तुमच्याकडे पंचवीस आहेत, तेव्हा दोन कोअरवर समाधान मानायचं कारण नाही.

मॉडेलांकडे येतो. माझी पहिली पसंती थिंकपॅड टी४८०एस. १४ इंची स्क्रीन, वजन सुमारे १.३ किलो, कीबोर्ड या किमतीत मिळणारा सर्वांत चांगला. थोडी रॅम बोर्डावर असते आणि एक स्लॉट मोकळा मिळतो. बोर्डावर ८ असेल तर स्लॉटमध्ये ८ टाकून १६ होतात. नावातला तो शेवटचा 'एस' विसरू नका. नुसता टी४८० हाही उत्तम लॅपटॉप आहे. दोन रॅम स्लॉट, एक बॅटरी आत आणि एक बाहेर, तीही चालू लॅपटॉपमधून काढून बदलता येते. पण तो १.६ किलोच्या घरात जातो, आणि मोठी फुगीर बॅटरी लावली की आणखी वर. घरात टेबलावर ठेवायचा असता तर मी टी४८०च सांगितला असता.

दुसरा एचपीचा एलिटबुक ८३० जी५. १३.३ इंच, साधारण १.३५ किलो आणि चक्क दोन रॅम स्लॉट. एवढ्या वजनात दोन स्लॉट दुर्मीळ. याची एकच खोड आहे. काही पीसमध्ये शेजारच्याला स्क्रीन दिसू नये म्हणून बसवलेलं प्रायव्हसी पॅनेल असतं. ते बंद केलं तरी स्क्रीन मंद आणि बाजूने फिकट दिसते. दुकानात लॅपटॉप थोडा तिरका धरून बघा, लगेच कळतं. तिसरा डेलचा लॅटिट्यूड ७२९० किंवा ७३९०. एकच रॅम स्लॉट, पण त्यात १६ ची एक पट्टी बसते. ७२९० साडेबारा इंची आहे, सव्वा किलोच्या आसपास. तासन्‌तास कोड वाचायला साडेबारा इंच मला लहान वाटतात. तुमचे डोळे तरुण आहेत, तुम्ही ठरवा.

थिंकपॅड एक्स२८० खूप दिसेल आणि हातात घेतल्यावर मोह होईल, कारण तो सव्वा किलोच्याही आत आहे. पण त्याची सगळी रॅम सोल्डर केलेली. बाजारात येणारे बहुतेक ८ जीबीचे. १६ वाला मिळाला तर डोळे झाकून घ्या, ८ वाला असेल तर परत ठेवा. टी४८० आणि टी४८०एसचे काही पीस एनव्हिडियाच्या एमएक्स१५० या ग्राफिक्स चिपसह येतात, तेही टाळा. ती चिप बॅटरी खाते, आणि पास्कल या जुन्या पिढीची आहे. एनव्हिडियाच्या ५८० च्या पुढच्या ड्रायव्हरमधून ती पिढी वगळली गेली आहे. तुमच्या अभ्यासक्रमात त्या चिपचा उपयोगही नाही.

भावाबद्दल: या मॉडेलांचे ८ जीबी-२५६ जीबीचे पीस पंधरा ते बावीस हजारांच्या दरम्यान मिळत आले आहेत, पण हा बाजार महिन्या-महिन्याला हलतो. विशेषतः रॅम. डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले आहेत. पूर्वी मी सांगायचो, ८ जीबीचा घ्या, नंतर पट्टी टाका. आता उलट सांगतो: जुन्या लॅपटॉपमध्ये आधीपासून १६ जीबी असेल आणि दुकानदार दोन-तीन हजार जास्त मागत असेल, तर सुटी पट्टी कितीला पडते ते विचारून मग घासाघीस करा.

आता दुकानातलं काम. जाताना एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट हे डिस्ट्रो लिहून घेऊन जा. 'बघू द्या जरा' म्हणून थेट त्यावरून लॅपटॉप चालू करा. लेनोवो आणि डेलला एफ१२, एचपीला एफ९ दाबलं की बूट मेनू येतो. नाही म्हणणाऱ्या दुकानातून उठा. चांगले दुकानदार खुर्ची देतात.

पण बूट करायच्या आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये शिरा. लेनोवोला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच संपला. 'काढून देतो, दोन दिवसांनी या' याला हो म्हणू नका. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये राहतो, बटण-सेल काढून तो जात नाही. आत गेलात की सिक्युरिटीच्या पानावर कॉम्प्युट्रेस किंवा अ‍ॅब्सोल्युट नावाचा पर्याय शोधा. तो चालू स्थितीत असेल तर आधीच्या कंपनीची दूरवरून लॅपटॉपला कुलूप घालायची सोय अजून जिवंत आहे असं समजा. डेलमध्ये एसएसडीचा मोड 'रेड ऑन' असेल तर तो 'एएचसीआय' करा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्क दिसायची नाही आणि तुम्ही उगाच एसएसडीला दोष द्याल.

मिंट चालू झालं की पहिली गोष्ट, मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. त्याच नेटवरून स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज टाका. वायफायची परीक्षा आपोआप होते. मग त्यातल्या स्मार्टसीटीएल या कमांडने एसएसडीची कुंडली काढा. एसएसडी एनव्हीएमई प्रकारची असेल तर 'पर्सेंटेज यूज्ड' अशी ओळ दिसेल. दहा-वीस असेल तर छान, ऐंशीच्या पुढे असेल तर एसएसडीचे पैसे किमतीतून कापून मागा. त्यानंतर बॅटरी. पॉवर स्टॅटिस्टिक्समध्ये पूर्ण चार्जला आज किती ऊर्जा मावते आणि मूळ डिझाइनमध्ये किती मावायची, असे दोन आकडे दिसतात. टी४८०एसची मूळ बॅटरी ५७ वॅट-तासांची. समजा आज ३४ दिसले, म्हणजे साठ टक्के उरली. ब्राउझर आणि एडिटर उघडा ठेवून स्क्रीन मध्यम ठेवली तर हे लॅपटॉप सहा-सात वॅट खातात. म्हणजे ३४ वॅट-तासांवर पाच तासांच्या आसपास चालेल. कॉलेजचा दिवस निघतो. चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव ठरवा, आणि दुकानदाराने 'नवीन बॅटरी टाकलीय' म्हटलं तरी हेच दोन आकडे बघा. स्वस्त नकली बॅटरी डिझाइनचा आकडा छान दाखवते आणि दहा मिनिटांत दहा टक्के उतरते, म्हणून चार्जर काढून दहा-पंधरा मिनिटं लॅपटॉप चालता ठेवा.

तेवढ्या वेळात बाकीचं उरका. टेक्स्ट एडिटरमध्ये कीबोर्डची प्रत्येक कळ दाबा, बाणांच्या आणि फंक्शनच्या कळांसकट. डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० दिसतंय का ते बघा. यातल्या काही मॉडेलांचे पीस १३६६ बाय ७६८ चेही मिळतात, ते स्वस्त का आहेत हे एक पान कोड उघडलं की कळतं. कॅमेरा, स्पीकर, हेडफोनचं भोक, दोन्ही बाजूंचे यूएसबी तपासा. यूएसबी-सीमध्ये चार्जर लावून हलकेच हलवा. चार्जिंग तुटत असेल तर सॉकेट सैल झालंय. एक यूट्यूब व्हिडिओ फुल एचडीवर लावून पंख्याचा आवाज ऐका. घरघर असेल तर पंखा बदलावा लागेल, ते मोठं काम नाही, पण भाव कमी करायला निमित्त आहे. फिंगरप्रिंटवर वेळ घालवू नका. या पिढीतले बरेच सेन्सर लिनक्सच्या नेहमीच्या लायब्ररीत चालत नाहीत, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

शेवटी झाकण लावा, दोन मिनिटं थांबा, उघडा. लॅपटॉप नीट झोपला आणि जागा झाला का, हे बघायला लोक हमखास विसरतात. सॅकमध्ये लॅपटॉप जागा राहिला की एसटीतून उतरेपर्यंत तो तापलेला आणि बॅटरी अर्ध्यावर. आठव्या पिढीतल्या बऱ्याच लॅपटॉपांत जुनी, खोल झोप शिल्लक आहे, ज्यात रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद होतं. अकराव्या पिढीपासून पुढे बहुतेक ठिकाणी ती गेली आणि मोबाइलसारखी अर्धवट झोप आली. मधल्या काही थिंकपॅडांच्या बायोसमध्ये 'स्लीप स्टेट' म्हणून विंडोज १० की लिनक्स असा सरळ पर्यायच दिलाय. तो दिसला तर लिनक्सवर ठेवा.

वजनाबद्दल एक सांगायचं राहिलं. कंपनीने छापलेलं वजन सगळ्यात हलक्या पीसचं असतं. टचस्क्रीन असेल तर वाढतं. आणि जुन्या लॅपटॉपबरोबर मिळणारा चार्जर, वायरसकट, बऱ्यापैकी जड. वर सांगितलेले सगळे लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होतात, त्यामुळे ६५ वॅटचा छोटा गॅन चार्जर घेतलात तर तोच मोबाइललाही चालतो आणि सॅक खरोखर हलकी होते. जुना चार्जर घरी राहू द्या.

डिस्ट्रोचं म्हणाल, तर 'हलकं डिस्ट्रो' या मागे फार लागू नका. हलका डेस्कटॉप एक्सएफसीई आणि भारी समजला जाणारा ग्नोम यांच्यात फरक पडतो तो काहीशे एमबीचा. ब्राउझरच्या दहा-बारा टॅब दोन-तीन जीबी सहज खातात आणि त्या सगळ्या डेस्कटॉपवर सारख्याच खातात. १६ जीबी असेल तर मिंट, उबंटू, फेडोरा, डेबियन यांतलं काहीही चालेल. नवशिक्याला मी मिंट देतो, कारण त्याचा इंटरफेस उगाच दर सहा महिन्यांनी बदलत नाही. मराठी टायपिंग सगळ्यांत आहे. इनस्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी निवडा. उच्चारानुसार लिहायची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन ही पॅकेजेस टाका. 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट मोफत आहे, टर्मिनलबाहेरच्या सगळ्या वाचनाला सुरेख दिसतो.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी एफडब्ल्यूअपडी हे टूल चालवून फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. डेल, लेनोवो आणि एचपी तिघांचंही फर्मवेअर त्यावरून मिळतं, जरी प्रत्येक मॉडेलचं सगळं मिळेलच असं नाही. टी४८०एस घेतलात तर थंडरबोल्टच्या (यूएसबी-सी पोर्टमधल्या वेगवान जोडणीच्या) फर्मवेअरकडे मुद्दाम लक्ष द्या. त्या काळातल्या थिंकपॅडांमध्ये जुनं फर्मवेअर यूएसबी-सी पोर्ट हळूहळू निकामी करायचं, आणि लेनोवोने त्यावर स्वतःच दुरुस्तीचं अपडेट काढलं. अपडेट आधी करायचं असतं, पोर्ट गेल्यावर नाही. थिंकपॅडवर टीएलपी हे टूल टाकून चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवा, म्हणजे घरी दिवसभर प्लगला लावून ठेवला तरी बॅटरी कमी झिजते.

एक गोष्ट मात्र घ्यायच्या आधी कॉलेजात विचारा: ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं का? काही ठिकाणी तसं आहे, आणि लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवलं तर ते सॉफ्टवेअर ओळखून नकार देतं. तसं असेल तर मूळ विंडोज पुसू नका, ७०-८० जीबी त्याला ठेवा आणि उरलेल्या जागेत लिनक्स टाका. मग २५६ जीबीची एसएसडी पुरेशी आहे, पण १२८ वाला पीस घेऊ नका. बिल जीएसटीचं घ्या, त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटीत बॅटरी धरली आहे का ते बिलावरच लिहायला लावा. तोंडी सांगितलेली वॉरंटी या बाजारात कोणी मोजत नाही.